येतो म्हणा

१

आमचे हे घराबाहेर पडताना "जातो गं" म्हणतात. लग्न झालं तेव्हापासून म्हणत आलेत, आणि तेव्हापासूनच मी हातातलं काम टाकून ओरडत आलेय, "अहो, जातो काय? येतो म्हणा." मग हे दारातच थांबतात, एक चप्पल पायात, एक बाहेर, आणि फळ्यासमोर उभ्या केलेल्या पोरासारखे म्हणतात, "बरं बाई, येतो." आणि मग जातात.

जन्मभर शाळेत भूगोल शिकवला या माणसानं. कुठली नदी कुठून उगम पावते ते झोपेतून उठवून विचारा. पण चष्मा स्वतःच्या कपाळावर आहे, हे सांगायला मी लागते. जातो म्हणू नये, एवढी साधी गोष्ट यांच्या डोक्यात शिरत नाही. माझी आई सांगायची, जातो म्हणणारा पाठ फिरवतो आणि येतो म्हणणारा वाट ठेवतो. आमची लेक म्हणते, "आई, नुसत्या शब्दानं काय होतंय गं?" मी तिला म्हटलं, शब्दानं काही होत नसेल तर मग बोलतेस कशाला, गप्प बस की.

घराच्या पुढच्या खोलीत माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं, कॉलर उलटणं. कॉलर उलटून घेणारे आता फार उरले नाहीत. घासलेली बाजू आत घ्यायची, चांगली बाहेर आणायची, शर्ट पुन्हा दोन वर्षं चालतो. माणूस माझ्या दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याची उंची, खांदा, गळा माझ्या नजरेनं मोजून झालेला असतो. टेप लावते ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

यांच्या कॉलरी हे माझं वेगळंच दुखणं. मानेला घाम फार. त्यात मानदुखीसाठी हे डोक्याला आणि मानेला कापराचं तेल चोपडतात. त्या दोन्हींचा मिळून कॉलरीच्या आतून एक काळपट पट्टा बसतो, तो ब्रशनं घासून घासून माझी बोटं सोलवटली. यांच्या वेताच्या खुर्चीमागे भिंतीवर डोक्याचा गोल तेलकट डाग आहे, तोही मीच पुसते. पुसते नि बडबडते. बडबड बंद झाली तर यांना चुकल्यासारखं होतं, असं हे स्वतःच सांगतात.

२

त्या घराबद्दल यांनीच पेपरात वाचलं. "अगं ऐकलंस का, या घराला छप्परच नाही. डोंगराचा कडा हेच छप्पर! कपारीत बांधलंय. आता लोकांना पाहायला उघडलंय."

"छप्पर नसलेलं घर बघायला मी कशाला येऊ? आपलं गळतंय ते काय कमी आहे?"

पण मी गेले. यांचं तोंड इतकं उजळलं होतं की नाही म्हणवेना. सकाळची बस धरली, वर थोडं चढलो, वाटेत यांनी मला प्रत्येक दगडाची कुळकथा सांगितली, आणि मी हो हो म्हणत त्यांच्या शर्टाची उसवलेली बाही बघत चालले.

घर खरंच नवलाचं होतं. कड्याच्या पोटात लांबलचक आडवी खोबण. तिला समोरून दगडी भिंत घातलेली, भिंतीला दार आणि लहान लहान खिडक्या. बस्स, झालं घर. मागची भिंत म्हणजे डोंगरच. वरचा कातळ मागे मागे उतरत गेलेला, त्यामुळे खोलीत आत जावं तसं वाकावं लागायचं. एकापुढे एक खोल्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या. बैठकीची खोली, मग स्वयंपाकघर, तिथला कातळ धुरानं काळा कुळकुळीत. कातळातच खोदलेली फडताळं, त्यांत मातीची भांडी. मग झोपायची खोली, तिथे लाकडी पलंग आणि त्यावर जुनं पांघरूण. पांघरुणाचे टाके मी वाकून पाहिले. हात चांगला होता त्या बाईचा.

घर दाखवायला एक बाई होत्या. माझ्याच वयाच्या, बोलायला कमी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी मनात त्यांना किल्लीवाल्या बाई म्हणून टाकलं. त्या पुढे चालायच्या, दारं उघडायच्या आणि बाजूला उभ्या राहायच्या.

बैठकीच्या खोलीत यांनी टाळी वाजवली. मास्तरकी, दुसरं काय. "आता बघ कसा घुमतो आवाज," म्हणाले. घुमला नाही. टाळी वाजली आणि संपली. यांनी परत वाजवली, जरा जोरात. भिंतीला गाद्या लावल्यासारखं झालं. एवढ्या दगडात आवाज परत यायला नको का?

"कातळ सच्छिद्र असेल," हे म्हणाले. "शोषून घेतो."

"मग माझी बडबडही शोषून घेईल, तुमची सुटका," मी म्हटलं, आणि हे हसले. तो हसण्याचा आवाजही तिथेच विरला.

शेवटची खोली सगळ्यांत लहान. एकच खिडकी, उजेड तिरपा. मागच्या कातळात लांबच्या लांब बाक कोरलेला आणि बाकाच्या वर, कातळावर, ओळीनं काळे तुकतुकीत गोल डाग. काय आहेत ते मला सांगावं लागलं नाही. डोकी टेकून पडलेले डाग. जन्म गेला माझा असले डाग पुसण्यात.

"घरातली माणसं इथं टेकून बसायची," किल्लीवाल्या बाई म्हणाल्या.

सवयीनं माझी नजर माप घेत गेली. हा उंच पुरुष, मान जरा डावीकडे टाकणारा. ही बाई, हिचे डाग दोन, एक डोक्याचा, एक अंबाड्याचा. हा बुटका. हा आणखी एक पुरुष. प्रत्येकाचा डाग वेगळा आणि कुणाचाही दुसऱ्यावर चढलेला नाही. शेजारी शेजारी बसलेल्या माणसांची ओळख करून द्यावी तसे ते डाग होते. मला गंमत वाटली. न राहवून मी एकावर बोट टेकवलं.

बोट चिकट झालं.

जुनं तेल असं नसतं हो. जुनं तेल वाळतं, कडक होतं, त्याचे पापुद्रे निघतात. मी मनाची समजूत घातली, येणारे-जाणारे पाहुणे टेकत असतील डोकं. पदराला बोट पुसलं आणि मागे वळून बघते तो आमचे हे बाकावर बसलेले, डोकं मागे टेकून, डोळे मिटून.

"अहो! दिसली जागा की बसले. उठा."

"बसू दे गं. काय बरं वाटतंय म्हणून सांगू. मान दुखायचीच थांबली."

किल्लीवाल्या बाईंनी उठवलं नाही. "बसायला हरकत नाही," एवढंच म्हणाल्या. "निघताना मात्र मी सांगते तसं करा."

३

निघताना त्यांनी सांगितलं ते असं. उंबऱ्यावर उभं राहायचं, आत बघायचं आणि "जातो" म्हणायचं.

आमच्या पुढे एक तरुण जोडपं होतं. ती दोघं हसत हसत "जातो" म्हणून उतरली. मला मात्र ते ऐकूनच कसंसं झालं. रीत म्हणून काही असते की नाही? ज्या घरात हिंडलो, टेकलो, तिथून जातो म्हणून निघायचं?

"असं का बरं?" मी विचारलं.

"माझ्या आधीच्या बाईंनी मला सांगितलं, मी तुम्हाला सांगते. मीसुद्धा रोज जाते म्हणूनच कुलूप लावते."

आमच्या ह्यांना काय, आयतंच मिळालं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी यांना जातो म्हणायला सांगत होतं. मोठ्या ऐटीत उंबऱ्यावर उभे राहिले, आत पाहिलं आणि म्हणाले, "जा—"

"अहो!" माझ्या तोंडून गेलंच. विचार करायला वेळच मिळाला नाही, शिंक येते तसं. "जातो काय? येतो म्हणा."

"बरं बाई," हे म्हणाले. "येतो."

किल्ल्यांचा आवाज थांबला. किल्लीवाल्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. ताटातलं सांडल्यावर आपण बघतो तसं.

आणि आतून, पार शेवटच्या खोलीतून, कुणीतरी म्हणालं, "हं, या."

साधाच आवाज. कामात असलेली बाई मान वर न करता दारातल्या माणसाला म्हणते ना, तसा. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, "अहो बाई, आत कुणीतरी राहिलंय. कुलूप नका लावू."

"आत कुणी नाही," त्या म्हणाल्या, आणि आत न बघता कुलूप लावलं. मग मला म्हणाल्या, "तुम्ही काही बोललात का? स्वतःसाठी?"

"मी कशाला बोलतेय?" मी फणकारले. "चला हो."

खाली उतरताना मी यांना विचारलं, आतून आवाज आला तो ऐकलात ना? हे म्हणाले, "हो. तूच म्हणालीस ना?"

४

त्यानंतरच्या धुण्यात यांच्या शर्टाची कॉलर स्वच्छ निघाली.

खोटं कशाला बोलू, आनंद झाला. साबण नवा आणला होता, त्याचं कौतुक केलं. पुढच्या खेपेला तो शर्ट पाण्यात बुडवण्याआधीच उलटून पाहिला. कॉलर कोरी. दुकानातून नुकतं फाडून आणलेलं कापड असतं तशी. यांच्या अंगावर तो शर्ट दोन दिवस होता, हे मी स्वतः पाहिलं होतं.

"तेल लावायचं सोडलंत का?"

"नाही गं, रोज लावतो. मान दुखत नाही आता, पण सवय."

लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, जन्मभर कॉलर मळते म्हणून रडलीस, आता मळत नाही म्हणून रडतेस." तिचंही खरं होतं. अशी तक्रार घेऊन बाई कुणाकडे जाणार? डॉक्टरकडे? अहो डॉक्टर, नवरा मळत नाही!

मग उशी. सकाळी अंथरूण काढताना माझ्या उशीला खळगा, यांच्या उशीला नाही. अभ्र्याला कापराचा वास नाही. मग ती वेताची खुर्ची. हे बसले की ती करकरायची, मला मशीनवर बसून कळायचं की आले फिरून. एक दिवस मान वर केली तर हे खुर्चीत बसून पेपर वाचत होते आणि कधी आले, कधी बसले, मला पत्ताच नाही. खुर्चीनं तोंडच उघडलं नव्हतं. वजन कमी झालं म्हणावं, तर औषधाच्या दुकानात नेऊन काट्यावर उभं केलं. वजन तेवढंच. नव्या शर्टाच्या निमित्तानं टेप लावली. छाती तेवढीच, गळा तेवढाच. काटा खोटं बोलत नाही, टेप खोटं बोलत नाही. मग माझंच डोकं फिरलं असणार, असं म्हणून मी मुकाट काज करायला बसले.

पण खुर्चीमागच्या भिंतीवरचा डाग वाळला. त्याचे पापुद्रे सुटून खाली पडले. मी ते केरात भरले आणि तिथेच फरशीवर बसून राहिले. पुसायला काही उरलं नव्हतं.

आणि हे? हे इतके गोड झाले होते की काय सांगू. मला चहा करून द्यायचे. मी मशीनवर असले की समोर येऊन बसायचे आणि बघत राहायचे. "काय बघताय?" म्हटलं तर म्हणायचे, "तुला बघतोय. बघून ठेवतोय." मला हा माणूस फार आवडतो. तोंडावर कधी म्हटलं नाही, आमच्या पिढीत म्हणत नसत. कॉलर घासत होते तेच माझं म्हणणं होतं, आणि आता तेच कुणीतरी माझ्या हातातून काढून घेतलं होतं.

एका सकाळी हे दूध आणायला निघाले. दारातून म्हणाले, "जातो गं."

"अहो, जातो काय?" मी म्हटलं. "येतो म्हणा."

हे थांबले. वळून माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरंच न कळल्यासारखं काहीतरी होतं. "पण येतो म्हणून तिकडे सांगितलंय ना मी," हे म्हणाले. "मग इथून जातोच म्हणायला हवं."

मी मशीन बंद केलं. दूध राहिलं, दुकान राहिलं. यांच्या हाताला धरलं आणि सरळ बस गाठली.

५

बसमध्ये मी यांचा हात सोडला नाही. यांचा तळवा कायम ओलसर. लग्नात हात हातात घेतला तेव्हा मला वाटलं होतं, नवरा घाबरलाय वाटतं. आज तो तळवा इस्त्री केलेल्या कापडासारखा कोरडा होता. हे खिडकीतून बाहेर बघत होते, मजेत. मी मनात एकच घोकत होते, चूक माझ्या जिभेची, ती निस्तरायचीही मीच. जायचं, उंबऱ्यावर उभं करायचं, जातो म्हणवून घ्यायचं आणि घेऊन यायचं माणूस घरी.

किल्लीवाल्या बाई पायरीवर बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांना नवल वाटलं नाही.

"यांना जातो म्हणायचंय," मी म्हटलं. "मागच्या वेळी राहिलं."

"म्हणू दे की," त्या म्हणाल्या. "पण आत गेल्याशिवाय निघणार कसे?"

"ज्यांनी ज्यांनी येतो म्हटलं, त्यांचं काय होतं हो?"

त्यांनी किल्ल्यांकडे पाहिलं. "येतात," त्या म्हणाल्या.

मी ठरवलं होतं, पहिल्या खोलीपुढे जायचं नाही. दोन पावलं आत, दोन पावलं बाहेर. पण उंबरा ओलांडताना वाकायला लागतं, आणि वाकले तेवढ्यात यांचा हात माझ्या हातातून सुटला. झटका नाही, ओढाताण नाही. सुईतून दोरा निसटतो तसा. हे स्वयंपाकघरातून, झोपायच्या खोलीतून, वाट पायाखालची असल्यासारखे चालत गेले. मी मागून धावले. माझ्या चपलांचा आवाज होत होता. यांच्या नव्हता.

शेवटच्या खोलीत हे बाकासमोर उभे होते. बसले नव्हते, देवाची कृपा.

"ही बघ," हे मला म्हणाले. शाळेत आपला वर्ग दाखवावा तसं. "माझी जागा."

त्या बाईच्या दोन डागांच्या पलीकडे, जिथे मागच्या वेळी नुसता कातळ होता, तिथे नवा डाग होता. गोल, ओला, चमकणारा. उंची मला मोजावी लागली नाही. जिथे यांचं डोकं टेकतं तिथेच. मी बोट लावलं. कोमट होता. बोट नाकाशी नेलं तर कापराच्या तेलाचा वास आला, आणि त्याच्या खाली यांच्या मानेचा, घामाचा, आमच्या उशीचा. इतके दिवस जे घरात शोधत होते ते सगळं इथे होतं. मला रडूच फुटलं. भीतीनं नाही, ओळख पटल्यामुळे.

त्या डागाच्या पलीकडे थोडी जागा सोडून पुढचा डाग होता. मधली जागा रिकामी. किती, ते माझ्या नजरेनं मोजलंच. मेली सवय.

"चला," मी म्हटलं, आणि यांची बाही मुठीत धरली. हात निसटेल, बाही निसटणार नाही, ती मी शिवलेली. ओढत खोलीच्या दारापर्यंत आणलं. आणि मग मागे वळून पाहिलं. पाहायला नको होतं.

काय दिसलं ते नीट सांगता येणार नाही. उजेड तिरपा, तो बाकाच्या कडेपर्यंतच पोचत होता. त्या नव्या डागाखाली मला एक पांढरी पट्टी दिसली. कॉलर होती. उलटलेली कॉलर, टोकाला दुहेरी टाका. तो टाका मी घालते, दुसरं कुणी घालत नाही. कॉलरीच्या आत काळपट पट्टा बसलेला. तिच्यावर हनुवटी, जराशी वर उचललेली, डोकं मागे टेकल्यावर उचलली जाते तशी. हनुवटीच्या वर कातळाचा अंधार होता. मी त्याच्या वर पाहिलं नाही.

माझ्या मुठीतली बाही मऊ होती. "काय गं, थांबलीस का?" हे माझ्या शेजारून म्हणाले.

६

उंबऱ्यावर उभं केलं. खांदे धरून तोंड आत वळवलं. "म्हणा," मी म्हटलं. "आज मी टोकणार नाही. काय म्हणायचंय? जातो."

"जातो म्हणू?" हे म्हणाले. "तूच सांगतेस?"

"हो हो, मीच सांगते. माझी शपथ."

यांनी आत पाहिलं, घसा साफ केला. "जा—"

"अहो!" आतून आवाज आला. "जातो काय? येतो म्हणा."

माझा आवाज होता. तसाच वरच्या पट्टीतला, तसाच कावलेला, आणि कावण्याच्या आत जे असतं तेही तसंच. लग्न झालं तेव्हापासून रोज ज्या आवाजात मी यांना परत बोलावून घेतलं, तोच. त्यातला एकही धागा सुटला नव्हता.

यांचा चेहरा उजळला. यांनी माझ्याकडे नाही, आत पाहिलं. "बरं बाई," हे म्हणाले. "येतो."

मी परत म्हणायला लावलं. यांचे कान दोन्ही हातांनी दाबून धरले आणि म्हणायला लावलं. रागावले, हात जोडले. दर वेळी हे "जा" म्हणायचे, दर वेळी आतून मी यांना टोकायची, आणि दर वेळी हे हसून ऐकायचे. ऐकणारच. जन्मभर ऐकलंय बिचाऱ्यानं. एकदाही उलट बोलला नाही.

शेवटी माझा आवाजच बसला. आतला बसला नव्हता.

किल्लीवाल्या बाई माझ्याजवळ आल्या. माझ्या पाठीवर त्यांनी हात ठेवला, बहिणीनं ठेवावा तसा. "बाई, तुम्ही तेव्हा काही बोलला नव्हतात," त्या हळू म्हणाल्या. "तुमचं काही अडकलेलं नाही इथे. तुम्ही जाते म्हणा आणि निघा. यांनाही घेऊन जा. जेवढे दिवस असतील तेवढे असतील."

"आणि मग?"

त्यांनी माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला.

मी यांच्याकडे पाहिलं. चष्मा कपाळावर चढवलेला. शर्टाची कॉलर दुधासारखी पांढरी. खालच्या वाटेवरच्या दगडाकडे बघत होते, बहुतेक त्याची कुळकथा आठवत होते. या माणसाला मी एकट्याला बाजारात पाठवत नाही. पिशवी विसरून येतो. त्याला मी त्या बाकावर, त्या अनोळखी माणसांच्या ओळीत एकटा बसवून घरी जाऊ? आणि घरी जाऊन करू काय, कोऱ्या उश्या झटकू? तिथे आत कुणीतरी माझ्या आवाजात यांना हाक मारणार, यांना ती मीच वाटणार, आणि हा भोळा सांब तिला बरं बाई, बरं बाई म्हणत राहणार. माझ्या जिवंतपणी? अजिबात नाही. यांना टोकायचं असेल तर मी टोकेन.

"हटा जरा," मी यांना म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर उभी राहिले. पदर नीट केला. यांचा हात हातात घेतला. आत पाहिलं, एका खोलीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, पार शेवटच्या अंधारापर्यंत.

"नका," किल्लीवाल्या बाई म्हणाल्या.

"येतो हं आम्ही," मी म्हटलं. "दोघंही."

मग शेवटच्या खोलीतून दगडावर कापड घासल्याचा आवाज आला. कापडाचे सगळे आवाज मी ओळखते. बाकावर कुणीतरी सरकून माझ्यासाठी जागा करत होतं.